जोखमीचा तक्ता

रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला
आणि लॅपटॉप उघडला.
चकाल्याच्या कंपनीनं तक्ता मागवलाय :
मालिशमध्ये धोका काय, कुणाला,
होण्याची शक्यता किती, झालाच तर किती वाईट,
आणि त्यावर तुम्ही काय करणार.
एक ते पाच आकडे. गुणाकार करायचा.
बाराच्या वर गेलं की चौकट आपोआप लाल होते.

पहिली ओळ सोपी. खुर्ची.
एकशे तीस किलोपर्यंत पेलते, स्क्रू रोज तपासणार.
दुसरी, वायरी.
झेरॉक्स मशीन आणि पाण्याचा कूलर
यांच्या मधली साडेपाच फूट जागा दिलीय मला.
चिकटपट्टी लावणार.
तिसरी, तेल. वापरणारच नाही, कपड्यांवरूनच.
तीळ, शेंगदाणा, बदाम,
कुणाच्या अंगाला काय सोसेल सांगता येत नाही.

चौथी, उठताना चक्कर.
पंधरा मिनिटं मान खाली घालून बसलेला माणूस
ताडकन उठतो, कारण मीटिंग असते.
उपाय : आधी पाय टेकवा, मग मान, मग डोळे.
मीटिंग कुठे पळत नाही,
असं लिहिलं, आणि खोडलं.

पाचवीला वेळ लागला.
गेल्या महिन्यात लोअर परळला
सदानंद पितळे म्हणून एक गृहस्थ म्हणाले,
पोटरी जरा दाबा, सुरतेहून रात्रभर गाडी चालवत आलोय.
एकच पोटरी सुजलेली. आणि गरम.
मी हात काढून घेतला.
डॉक्टरकडे जा, म्हटलं, आत्ता.
ते हसले. मॅनेजरबाई हसल्या नाहीत,
न दाबलेल्या पोटरीचे पैसे कापले त्यांनी.
पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही.
शक्यता एक, तीव्रता पाच.
पाच एके पाच.
चौकट हिरवी.

आईकडे तक्ता नव्हता.
ठाकुरद्वारच्या आसपास बाळंतिणी करायची ती,
सव्वा महिना, सकाळी बाळ, दुपारी बाळाची आई.
टाळूवर नुसतं बोट फिरव, दाबू नको.
तेल आधी आपल्या मनगटावर.
ताप असेल तर अंगाला हात लावायचा नाही,
दिवसाचे पैसे गेले तरी.
पावतीला कुणी कागद पुढे केला तर अंगठा उठवायची
आणि शाई पदराला नाही, टाचेला पुसायची.
लुगडं मलाच धुवावं लागतं, म्हणायची.

सहावी ओळ.
चाचणीच्या दिवशी, अकाउंट्समधला विवियन तुस्कानो.
खांद्याच्या पात्याखाली बोट गेलं
आणि तो रडायला लागला, आवाज न करता.
चेहरा टेकवायच्या भोकातून
थेंब पडत होते टाइलवर.
मी दाब होता तसाच ठेवला.
कमी केला असता
तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं.
याला धोका कुठला म्हणू?
लिहिलं : जमीन ओली, पाय घसरू शकतो.
उपाय : फडकं.

‘कुणाला’च्या रकान्यात वरून खालपर्यंत
कर्मचारी, कर्मचारी, कर्मचारी,
एका ठिकाणी सफाईच्या मावशी.

त्यांच्या दारावरचं यंत्र माझा अंगठा घेत नाही.
तीनदा लावला, चौथ्यांदा पुसून लावला.
वॉचमन म्हणाला, ताई, रेषाच राहिल्या नाहीत हो,
करंगळी लावा.
तेव्हापासून मी करंगळीनं आत जाते.

सातव्या ओळीत स्वतःचं नाव घालून पाहिलं.
शक्यतेशी अडले.
त्यांचे आकडे पाचलाच संपतात.
ओळ काढून टाकली,
खाली सही केली, आईला न येणारी,
आणि पाठवून दिलं.

पावणेबारा.
पातेल्यात पाणी तापवून मीठ टाकलं.
दोन्ही अंगठे बुडवायच्या आधी
एक थेंब मनगटावर घेऊन पाहिला.